दोर तुटला नव्हता: दापोली तालुक्यातल्या एका फांदीचं प्रकरण

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि शेजारच्या दापोली-मंडणगडातल्या बागा आणि घरंही त्यात उघडी पडली. तेव्हापासून इकडे आगोटीच्या कामांत एका कामाची भर पडली आहे. मृग लागण्याआधी घरावर झुकलेल्या फांद्या उतरवून घ्यायच्या. पूर्वी ओळखीचा गडी कोयती घेऊन चढायचा आणि हाताला येईल तेवढं तोडून खाली यायचा. आता चेनसॉ घेऊन फिरणाऱ्या टोळ्या झाल्या आहेत, त्यामुळे मनगटाएवढ्या फांदीच्या जागी मांडीएवढी फांदी कापली जाते. यंत्र बदललं, दोर मात्र जुनाच राहिला. हे प्रकरण अशाच एका टोळीचं आहे. गाव, घर आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. झाडावर चढून काम करणाऱ्यांचे दोर आणि साधनं तपासणं, दोराची जोडकामं शिकवणं हे माझं काम, त्यामुळे ते माझ्यापर्यंत आलं.

काय घडलं

घर कौलारू, मागे पडवी, आणि पडवीच्या कडेला जुना रायवळ आंबा. त्याची एक आडवी फांदी पडवीवरून थेट मुख्य छपरापर्यंत गेलेली. टोळी चौघांची: मुकादम, चढणारा आणि खाली दोर धरायला दोघे. चढणारा मूळचा नारळ-सुपारी काढणारा. पायात सुंभाचा फास घालून माडावर चढण्यात त्याचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कोणी नाही.

उतरवायला एकच दोर होता. हिरवा, तीन पेडी, 16 मिलिमीटर जाडीचा, बंदरावर मासेमारीचं सामान मिळतं तिथून आणलेला. एका टोकाला पेड उलगडून पुन्हा दोरातच गुंफून कायमचा डोळा केलेला होता, म्हणजे स्प्लाईस. त्या डोळ्यात डी-शॅकल, म्हणजे आडवा खिळा लावून बंद करायची डी आकाराची लोखंडी कडी. फांदीच्या तुकड्याला दोराचा वेढा द्यायचा, शॅकल त्याच दोरावर अडकवायची, दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली आणायचा, आंब्याच्याच बुंध्याला दोन वेढे मारायचे आणि खालच्याने सावकाश सोडायचा. पद्धत जुनी आहे आणि मुळात चुकीची नाही.

सकाळभर टोकाकडचे लहान तुकडे असेच उतरले. जेवणाआधी जाड भाग आला. बुडाशी वीतभर व्यास, लांबी दोन पुरुष. ओल्या आंब्याच्या लाकडाचा हिशेब केला तर डहाळ्या धरून सव्वाशे-दीडशे किलो. इथवर येईतो वापरण्याजोगं बेचकं कापाच्या उंचीलाच उरलं होतं, त्यामुळे तुकडा सुटल्यावर दोर ताणेपर्यंत तो सुमारे पाच फूट मोकळा पडणार होता. तो तसा पडला. खालच्याने घाबरून वेढे आवळून धरले, दोर अजिबात सरकू दिला नाही. हिसका बसला आणि फांदी दोराला सोडून पडवीवर गेली. कौलांच्या दोन ओळी, काही रिपा आणि एक वासा मोडला. घरातल्या माणसांना मुकादमाने सकाळीच शेजारच्या खळ्यात नेऊन बसवलं होतं. दिवसभरातला त्याचा सगळ्यात चांगला निर्णय हाच.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, दोर तुटला. आता वीस एमएमचा घेतो, मग काय होत नाही ना?"

मी त्याला सांगितलं, नवा घेऊ नकोस, जुना धुऊ नकोस, फेकू नकोस, मी सकाळी येतो.

दोराने काय सांगितलं

दुसऱ्या दिवशी खळ्यात ताडपत्री पसरून दोर टोकापासून टोकापर्यंत हातातून काढला. ही तपासणी डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त होते. एका हाताने दोर ओढायचा, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं त्याच्यावर फिरत ठेवायची, आणि हातभर अंतरावर थांबून पीळ उलटा फिरवून आतलं पाहायचं. चांगला दोर सगळीकडे सारखा लागतो. जिथे बोट अडखळतं तिथे थांबायचं.

पहिली गोष्ट म्हणजे दोर तुटलेलाच नव्हता. दोन्ही टोकं शाबूत होती. डोळा होता त्या टोकाला तीन पेड मोकळे लोंबत होते, पिळाच्या वळ्या तशाच ठेवून, आणि प्रत्येकाच्या टोकाला वितळवून केलेला गोळा. हिसक्याने एकही धागा तुटला नव्हता. जोड सुटली होती. दोरावर जिथे पेड गुंफले होते त्या जागा अजून फट पडल्यासारख्या दिसत होत्या, त्या मी मोजल्या. प्रत्येक पेडाच्या तीन. म्हणजे तीन फेऱ्यांची गुंफण.

दुसरी गोष्ट, मधल्या भागात हातभर लांबीचा पट्टा कडक आणि चकचकीत होता. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघत होता. बुंध्याच्या वेढ्यांत घासून दोर तिथे वितळला होता.

तिसरी, बाहेरच्या पेडांवरून बोट फिरवलं की हिरवट भुकटी लागत होती आणि बारीक केसांसारखे धागे तुटून उभे होते. हा उन्हाचा परिणाम. दोर वर्षभर जीपच्या टपावरच असायचा. पीळ उघडल्यावर आत भुसा, वाळू आणि चिकाने झालेला काळा लेप होता. आतली वाळू प्रत्येक ताणाला धागे कापत राहते, आणि ते बाहेरून कधीच दिसत नाही.

मग मी चढणाऱ्याला त्याचा स्वतःचा दोर मागितला. त्याने कमरेचा दोर पुढे केला. हिरवा, तीन पेडी. त्याच गुंडाळीतून कापलेला, टोकाला त्याच हाताने केलेला डोळा, तीनच फेऱ्या. आदल्या दिवशी तो बारा-तेरा मीटर उंचीवर चालू चेनसॉ हातात धरून याच्यावर मागे रेलून उभा होता.

माझ्या लेखी खरं प्रकरण इथे सुरू होतं. कौलांचा हिशेब रुपयांत मांडता येतो, पण हा दोर त्या माणसाच्या आणि जमिनीच्या मध्ये असलेली एकमेव गोष्ट होती.

कारणं

मुकादमाचं म्हणणं वरवर पाहता बिनतोड होतं. असा 16 मिलिमीटरचा नवा दोर साडेतीन टनांच्या आसपास तुटतो. दीडशे किलोच्या फांदीला तो कमी कसा पडेल?

पहिलं उत्तर हिसक्यात आहे. 130 किलोचा तुकडा दीड मीटर मोकळा पडला आणि दोराच्या ताणात आणखी 40 सेंटीमीटरवर थांबला असं धरू. पडताना साठलेली सगळी ऊर्जा त्या 40 सेंटीमीटरमध्ये जिरवायची, म्हणजे सरासरी ताण सहाशे किलोच्या वर जातो. ताण शून्यापासून चढत जातो म्हणून शेवटच्या क्षणी तो याच्या दुप्पट, बाराशे किलोच्या घरात. शिवाय बेचक्यावर दोराच्या दोन्ही बाजूंचा भार एकत्र येतो, तो वेगळाच. खालच्याने दोर मीटरभर जरी सरकू दिला असता तरी हा आकडा निम्म्याच्याही खाली आला असता. दोर धरणाऱ्याचं काम फांदी अडवण्याचं नसतं, तिला हळूहळू थांबवण्याचं असतं, आणि ते आधी लहान तुकड्यांवर शिकून घ्यावं लागतं.

दुसरं उत्तर धाग्यात आहे. टोळीतले सगळे या दोराला नायलॉन म्हणत होते. मी एक बोटभर तुकडा कापून बादलीत घातला आणि पाण्याखाली चुरगळून त्यातली हवा काढली. सोडल्याबरोबर तो वर आला. नायलॉन आणि पॉलिएस्टर पाण्यात बुडतात, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथीन तरंगतात. मच्छीमाराला तरंगणारा दोर हवाच असतो, त्यामुळे बंदरावर तो मिळणं योग्यच आहे. झाडाच्या कामात मात्र त्याचे दोन दोष उघडे पडतात. पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिएस्टर 250 च्या पुढे. बुंध्यावरचं घर्षण दोराच्या अगदी वरच्या थराला तापवतं आणि लाकूड ती उष्णता वाहून नेत नाही. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या नळकांड्यावर वेढे असते तर बरीच उष्णता धातूने ओढून घेतली असती. दुसरा दोष म्हणजे हा धागा गुळगुळीत आणि ताठ असतो. वाकवला तरी सरळ व्हायला बघतो.

आणि इथेच त्या तीन फेऱ्यांचं उत्तर मिळतं. जोड मुकादमाने स्वतः केली होती, आणि हाताचं काम म्हणून ती सुबक होती. त्याच्या वडिलांकडे माडाचं काम होतं, सुंभाचे दोर घरीच व्हायचे. काथ्या खरबरीत असतो, एका पेडात दुसरा रुतून बसतो, त्यामुळे तीन फेऱ्या त्याला पुरतात. गुळगुळीत धाग्याला त्या पुरत नाहीत. गुंफण टिकते ती दोर ताणल्यावर पेड एकमेकांना आवळतात म्हणून. ताण गेला की आवळ सुटते आणि ताठ धागा आपली जागा थोडी मोकळी करून घेतो. पुढच्या ताणाला पेड केसभर सरकतो. सकाळपासून प्रत्येक तुकड्यागणिक हेच चाललं होतं. टोकाला वितळवून केलेले गोळे पेडाला अडवतील असा सगळ्यांचा भरवसा होता. प्रत्यक्षात ते गोळेच फटीतून ओढले गेले होते, त्यांच्यावर ओरखडे स्पष्ट दिसत होते.

ओशा या अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमांत दोराच्या स्लिंगसाठी, म्हणजे ओझं उचलायच्या फासासाठी, हा फरक स्पष्ट लिहिलेला आहे. मनिला या नैसर्गिक धाग्याच्या दोराच्या डोळ्याला किमान तीन पूर्ण फेऱ्या, कृत्रिम धाग्याला किमान चार. मी शिकवताना पाच सांगतो आणि वर निमुळतं टोक. माणसाचा भार घेणाऱ्या दोराला मात्र हाताने केलेली जोड नकोच म्हणतो. त्याबद्दल पुढे येईलच.

वीस मिलिमीटरचा दोर घेऊन यातलं काहीच बदललं नसतं. जाड दोराचे पेड आणखी ताठ असतात आणि जोड करणारा हात तोच होता.

पाच फेऱ्या

त्याच सकाळी जुन्या दोराचा त्यातल्या त्यात बरा तुकडा घेऊन मुकादमाला जोड पुन्हा करायला बसवलं, फक्त शिकण्यासाठी. टोकापासून दोन-सव्वादोन फूट पेड उलगडायचे आणि जिथे उलगडणं थांबवायचं तिथे चिकटपट्टी किंवा दोरा घट्ट गुंडाळायचा. हे केलं नाही तर पीळ आत आत सुटत जातो. प्रत्येक पेडाच्या टोकालाही पट्टी. मग डोळ्याच्या मापाने दोर वळवून पहिला पेड, जो मधला असतो, मूळ दोराच्या एका पेडाखालून पिळाच्या विरुद्ध दिशेने घालायचा. डावीकडचा त्याच्या शेजारच्या पेडाखालून. मग सगळं उलटं करून तिसरा पेड उरलेल्या पेडाखालून. तीन पेड, तीन वेगळ्या जागा. दोन पेड एकाच जागेतून बाहेर आले असतील तर तिथेच थांबून उकलायचं. इतकं झालं की पहिली फेरी पूर्ण. पुढे प्रत्येक पेड एकावरून, एकाखालून.

मुकादमाचा हात इथपर्यंत अडला नाही. अडला तो आवळण्यावर. काथ्याचा पेड एकदा ओढला की बसतो. हा बसत नाही. प्रत्येक फेरीनंतर तिन्ही पेड सारख्या ताणाने ओढायचे, पेडाचा स्वतःचा पीळ सुटू द्यायचा नाही, मग जोड पायाखाली फळीवर लाटायची. लाटल्यावर पेड सैल होतात, पुन्हा ओढायचे. पाच फेऱ्या झाल्यावर प्रत्येक पेडातले एक तृतीयांश धागे कापून आणखी एक फेरी, मग अर्धे कापून शेवटची. त्यामुळे जाडी हळूहळू उतरते आणि जिथे जोड संपते तिथे दोर एकदम वाकत नाही. टोकं अगदी लागून कापायची नाहीत, बोटाच्या पेराएवढी बाहेर ठेवायची. ती आत गेलेली दिसली तर जोड सरकते आहे हे कळतं. डोळ्याच्या आतून लोखंडी थिंबल, म्हणजे खोबणीची कडी, घातली म्हणजे शॅकल दोराला चावत नाही.

अशी जोड नीट जमली तर दोराची सुमारे नव्वद टक्के ताकद शाबूत राहते. बोलाईन गाठीत, म्हणजे टोकाला डोळा करणाऱ्या साध्या गाठीत, ती साधारण दोन-तृतीयांशावर येते. तरीही ज्याला आपल्या जोडकामाची खात्री नाही त्याने सरकती बोलाईन बांधून, शेपूट लांब ठेवून काम करावं असंच मी सांगेन. गाठीत किती ताकद गेली हे माहीत असतं. कच्ची जोड पक्कीसारखीच दिसते.

हे सगळं पिळाच्या दोराचं झालं. विणीच्या दोराची जोड वेगळी असते. बारा पेडांच्या पोकळ विणीच्या दोरात टोक त्याच्याच पोटात व्यासाच्या सत्तरपट लांबीच्या आसपास खुपसावं लागतं, म्हणजे 12 मिलिमीटरच्या दोराला पाऊण मीटरच्या वर, आणि ते सुटू नये म्हणून टाके घालावे लागतात. आतला गाभा आणि बाहेरचं कवच असलेल्या दोराची रीत तर प्रत्येक उत्पादकाची निराळी. ती अंदाजाने करायची नाही. कारखान्यातूनच जोड केलेला दोर घ्यावा.

चढणाऱ्याची साधनं

टोळीला घेतलेल्या सामानात सगळ्यात आधी चढणाऱ्याचं आलं. दोर कमी ताणाचा, गाभा-कवच प्रकारचा, ईएन 1891 टाइप ए या युरोपीय मानकाचा. या मानकात दोराची किमान ताकद 22 किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टन धरलेली आहे. मुकादमाने लगेच बोट ठेवलं, जुना दोर साडेतीन टनांचा होता, मग हा कमी नाही का? कागदावर कमी आहे. पण याचा भार घेणारा गाभा कवचाच्या आत झाकलेला आहे, तो घर्षणाने वितळायला इतका सोपा नाही, आणि ती ताकद चाचणीत सिद्ध झाल्याशिवाय दोराला मानक मिळत नाही. हिरव्या दोराचे साडेतीन टन दुकानातून निघाल्या दिवसाचे होते. सह्याद्रीत कडे चढणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. फक्त त्यांचा पडणं झेलणारा, जास्त ताणणारा दोर झाडावर रोजच्या चढ-उतारासाठी घेऊ नये. प्रत्येक हालचालीला तो खाली-वर करतो आणि माणूस थकतो.

त्यावर पकड घ्यायला बारीक दोरीची प्रुसिक गाठ. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 मध्ये मांडलेली ही गाठ भार आला की आवळते, भार काढला की हाताने सरकते. तिची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी, आणि एकदम घसरत खाली येण्याची सवय असेल तर उष्णता सोसणाऱ्या अरामिड धाग्याची हवी. दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, म्हणजे कॅराबिनर, आपोआप बंद होणारे, उघडायला दोन-तीन वेगळ्या हालचाली लागणारे, कारण स्क्रूचा कॅराबिनर फांदीला घासून उघडू शकतो.

सगळ्यात जास्त वेळ कमरेच्या दोरावर गेला. चेनसॉ चालू असताना दोन वेगळ्या बांधण्या हव्यात, एक वरून येणारा मुख्य दोर आणि दुसरा खोडाभोवतीचा कंबरदोर. हा दुसरा पोलादी गाभ्याचा घेतला. चालत्या साखळीचा नुसता स्पर्श झाला तरी ताणलेला धाग्याचा दोर क्षणात तुटतो. पोलादी गाभाही कापला जाऊ शकतो, पण हात मागे घेण्याएवढा वेळ तो देतो.

चढणाऱ्याला हे सगळं जड वाटलं. "माडावर एवढं कोण बांधतो?" तो म्हणाला. माडावर त्याच्या हातात कोयती असते, फांद्या नसतात आणि खोड सरळ असतं. सुंभाचा फास तिथे तो अजूनही वापरतो. तिथेही कमरेला एक पक्की बांधणी असावी असं माझं मत आहे, ते त्याला पटलेलं नाही. आंब्यावर मात्र त्याने हार्नेस घातला, आणि मागे रेलून दोन्ही हात मोकळे झाल्यावर अर्ध्या तासाने स्वतःहून सांगितलं की पाठ कमी भरते.

उतरवणीसाठी वेगळा पॉलिएस्टरचा दोर, वर कप्पी, आणि बुंध्याला पट्ट्याने बांधायचं धातूचं नळकांडं. उतरवणीच्या दोराला लाल पट्टी, चढणीच्या दोराला पिवळी. लाल दोरावर माणसाने एकदाही लटकायचं नाही आणि पिवळ्याने एकही लाकूड उतरवायचं नाही. एकदा फांदीचा हिसका खाल्लेल्या दोराच्या आत काय झालं आहे ते कोणालाच बघता येत नाही.

ठेवण

कोकणात दोर खराब होतो तो निम्मा घरी. गोठ्याच्या आढ्याला टांगलेला, जीपमध्ये बॅटरीशेजारी ठेवलेला, चेनसॉच्या तेलाच्या डब्यासोबत एकाच पोत्यात कोंबलेला. बॅटरीतल्या आम्लाची वाफसुद्धा नायलॉनला पुरते आणि दिसायला काही दिसत नाही. टोळीला दोरासाठी झाकणाची वेगळी पिशवी दिली. धुणं कोमट किंवा साध्या पाण्यात, सौम्य साबणाने, ब्लीच अजिबात नाही. वाळवणं सावलीत, वाऱ्यावर. पावसाळ्यात ओला दोर पिशवीत भरून ठेवण्यापेक्षा ओटीवर दांडीला सैल वेढे घालून टांगून ठेवावा. चुलीजवळ नको.

जुन्या दोराचे मी चार-चार हातांचे तुकडे करायला लावले. अख्खा ठेवला असता तर दिवाळीनंतर तो कोणीतरी पुन्हा झाडावर नेला असता. तुकडे गुरांच्या दाव्यांना गेले.

उरलेली फांदी दोन दिवसांनी उतरली. वासा आणि कौलं मुकादमाने स्वखर्चाने घालून दिली. कप्पी कापाच्या उंचीच्या बरीच वर बांधली, तुकडे निम्मे केले, आणि खालच्या दोघांना आधी पाण्याने भरलेल्या डब्यावर दोर सरकवायची सवय करवली. उतरवणीच्या दोराची नवी जोड मुकादमानेच केली, पाच फेऱ्या आणि निमुळतं टोक. पहिली फांदी बांधण्याआधी जमिनीवरच ती चौघांनी मिळून ओढून पाहिली आणि पेडांची टोकं जिथे होती तिथे पेनाने खूण केली. काम संपल्यावर खुणा जागच्या जागी होत्या. पावसाळा संपला की दोन्ही दोर पुन्हा हातातून काढायचे आणि खूण सरकलेली दिसली तर टोक कापून जोड नव्याने करायची असं ठरलं आहे.